इंच सांगता, मग फूटही सांगा

संपादक महोदय,

टीव्हीच्या पानभर जाहिरातींत इंच ठळक छापतात, ‘फोर-के’ (म्हणजे पडद्यावर आडवे 3840, उभे 2160 ठिपके) त्याहून ठळक. तो टीव्ही किती फुटांवरून बघायचा, हे मात्र कुठेच नसतं. खरं तर सगळं त्यावरच ठरतं.

6/6 दृष्टीचा, म्हणजे सामान्य नजरेचा डोळा कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखतो. दहा फुटांवर तो भरतो सुमारे 0.9 मिलिमीटर. आता 43 इंची पडदा घ्या. इंच कर्णाचे असतात, त्याची रुंदी 95 सेंटिमीटर. फुल एचडीचे (फोर-केच्या निम्मे) आडवे 1920 ठिपके त्यात बसवले की एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो, फोर-केचा पाव मिलिमीटरचा. दहा फुटांवरून अर्ध्या मिलिमीटरचा ठिपकाच सुटा दिसत नाही, तर त्याचे चार तुकडे केलेले काय दिसणार?

6/6 ही डोळ्याची कमाल नव्हे, हेही खरं. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत ही मर्यादा अंशाला 60 नव्हे, तर सरासरी 94 ठिपके निघाली. हा सढळ आकडा धरला तरी 43 इंचांवर फुल एचडी आणि फोर-केतला फरक पावणेनऊ फुटांपलीकडे संपतो. 55 इंचांवर तो अकरा फुटांपर्यंत जातो, म्हणून आठ फुटांवर बसणाऱ्याचा 55 इंची फोर-के वाया गेला असं म्हणता येणार नाही. फोर-केच्या दुप्पट आडवे ठिपके असलेल्या एट-केचं तसं नाही. 65 इंची पडद्यावरसुद्धा त्याचा फायदा दिसायला साडेसहा फुटांच्या आत बसावं लागेल. आपल्या हॉलमध्ये एवढ्या जवळ कोण बसतं?

दुकानात फरक डोळ्यांत भरतो, कारण गिऱ्हाईक अडीच फुटांवर उभं असतं आणि पेनड्राइव्हवरून खास चित्रित केलेली फिल्म रंग भडक करणाऱ्या ‘व्हिव्हिड’ मोडवर चालू असते. घरी त्याच टीव्हीला एसडी, म्हणजे एचडीपेक्षा कमी बारकाव्याची वाहिनी जोडली जाते. एसडीत उभ्या दिशेला 576च रेघा असतात. 43 इंचांवर एक रेघ 0.9 मिलिमीटरची होते, म्हणजे दहा फुटांवरूनही जेमतेम जाणवणारी. त्यात सिग्नल दाबून पाठवलेला असतो. बातम्यांच्या वाहिनीवरची खालची पट्टी नीट बघा. एसडीत ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ बुजते आणि तो ‘प’ वाटतो, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. तीच वाहिनी एचडीत लावली की अक्षरं सुटी होतात. हा फरक आजीलाही दिसतो. पैसे आधी इथे घालावेत.

एचडी पॅक असूनही चित्र मऊ दिसत असेल, तर सेट-टॉप बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने जोडला आहे का ते बघा. त्या वायरीतून एसडीच येतं, एचडीएमआयची वायरच लावावी. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट 576 किंवा 720 वर राहिलं असेल तर 1080 करावं. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडावं, नाहीतर कडा कापून उरलेलं चित्र ताणलं जातं. शार्पनेस कमी करावा. तो वाढवला की अक्षरांभोवती पांढरी कड उमटते, बारकावा काही वाढत नाही.

आपल्या जागेवरून फोर-के दिसतो का, हे घरीच तपासता येतं. लॅपटॉपवर 3840 गुणिले 2160 ठिपक्यांचं चित्र करा, एकआड एक काळी-पांढरी उभी रेघ, प्रत्येक एका ठिपक्याची. ते एचडीएमआयने टीव्हीवर शंभर टक्के आकारात लावा, लॅपटॉपचं आउटपुटही तेवढंच ठेवा. सोफ्यावरून नुसता राखाडी पडदा दिसला, तर तिथून फोर-केचा बारकावा तुमच्या डोळ्याला पोचत नाही. मग रेघा दोन ठिपक्यांच्या करून बघा. त्याही राखाडी दिसल्या तर त्या अंतरावर फुल एचडी पुरेसा आहे.

43 इंचांपुढचे बहुतेक टीव्ही आता फोर-केच येतात, त्यामुळे तो टाळा असं म्हणणं नाही. दोन संचांत निवड करताना काळा रंग खरा काळा कुणाचा दिसतो ते बघावं. दुकानदाराला दिवे मंद करायला सांगावं. व्हीए आणि आयपीएस हे पडद्याच्या पॅनेलचे दोन प्रकार; व्हीए पॅनेलवरचा काळा आयपीएसपेक्षा बराच गडद असतो आणि तो फरक बारा फुटांवरूनही कळतो.

आपल्या वृत्तपत्रानेही टीव्हीच्या जाहिराती घेताना इंचांशेजारी योग्य अंतर फुटांत छापायला सांगावं, ही विनंती. 43 इंची फोर-केचा पुरेपूर उपयोग 6/6 दृष्टीला पावणेतीन फुटांवरूनच होतो, हे गिऱ्हाइकाला पैसे देण्याआधी कळायला हवं.

– एक टीव्ही तंत्रज्ञ, सांगली