प्रोबेशनचा कायदा आहे, आता ऑफिसर द्या

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या कोर्टात मी फौजदारी वकिली करतो. एका तीन ओळींच्या अहवालासाठी हे पत्र लिहितो आहे.

जत तालुक्यातला २० वर्षांचा पोरगा. शेजारच्या विहिरीवरची मोटारीची केबल चोरली. पहिलाच गुन्हा. दोष सिद्ध झाला. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ म्हणजे प्रोबेशनचा कायदा: गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर, देखरेखीखाली सोडायचा. त्याच्या कलम ६ प्रमाणे, २१ वर्षांखालच्या अशा आरोपीला आत धाडायचं तर न्यायाधीशांना आधी, आरोपीची आणि त्याच्या घरची चौकशी करणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल मागवावाच लागतो. मागवला. तीन तारखा गेल्या. दर तारखेला त्याची आई हजेरी बुडवून पहाटेच्या एसटीनं यायची. चौथ्या तारखेला अहवाल आला: नाव, पत्ता आणि 'वर्तणुकीबाबत माहिती उपलब्ध नाही'. घरी कुणी गेलंच नव्हतं. बाप ऊसतोडीत जायबंदी होऊन अंथरुणाला खिळलेला. केबलीचे पैसे आईनं उसनवारी करून फेडलेले. विहिरीचा मालकच म्हणत होता, जाऊ द्या पोराला. यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं. मी तोंडी सांगितलं, पण आरोपीच्या वकिलाच्या शब्दाला तिथं किती वजन असणार? सहा महिन्यांची शिक्षा झाली. कोर्टाबाहेर आल्यावर आई विचारत होती, "साहेब, आमच्या घरी कोण येणार होतं?"

अधिकाऱ्याला मी बोल लावत नाही. बाल न्याय मंडळाचे अहवाल, बालगृहं, बैठका एकाच माणसाच्या गळ्यात. मोठ्या आरोपीची फाइल तळाशीच जाते.

ही गोष्ट नव्या संहितेच्या आधीची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा, म्हणजे तुरुंगाऐवजी समाजाच्या उपयोगाचं बिनपगारी काम, ही शिक्षा आली आहे. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर तीच द्यायची. चांगलंच झालं. पण काम कुठं द्यायचं, हजेरी कुणी घ्यायची, पोरगा आलाच नाही तर कोर्टाला कुणी कळवायचं? प्रोबेशनवर तीन वर्षांपर्यंत देखरेख ठेवता येते, काम मिळवून द्यायला मदत करणंही कायद्यानं या अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. ते कागदावरच राहतं.

आमच्याच जिल्ह्यात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानानं तिथं कैद्यांना भिंतीशिवाय ठेवलं, शेती करू दिली, बायकापोरांसह राहू दिलं. त्या काळी एका छोट्या संस्थानाला जमलं ते!

मॅजिस्ट्रेट कोर्टांसाठी स्वतंत्र प्रोबेशन ऑफिसर नेमा, ज्याच्याकडे बालगृहांचं काम नसेल. जत, आटपाडी, विट्यासाठी नेमलेला माणूस सांगलीत बसवू नका. गावोगाव फिरायला वाहनभत्ता द्या. आणि या अधिवेशनात जिल्हावार सांगा, प्रोबेशन ऑफिसरची मंजूर पदं किती आणि भरलेली किती.

आपला,
सांगलीतील एक वकील