'सामना' कुठल्या कप्प्यात ठेवायचा?

वेंगुर्ले

चि. मैथिलीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की तुमच्या वर्गात 'सामना' या चित्रपटाला थ्रिलर ठरवलं आणि तुला ते पटलं. मला पटलं नव्हतं, पण मी एसटी स्टँडवर होतो आणि गाडी लागली होती, त्यामुळे बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून हे पत्र.

तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न मास्तर सोडत नाही आणि आपणही खुर्चीच्या टोकावर येतो. पण चित्रपटाचा प्रकार मी एका गोष्टीवरून ठरवतो. तो आपल्याला कशाची वाट बघायला लावतो? निव्वळ रहस्यपट असता तर खून कळला की आपण चपला शोधायला लागलो असतो. इथे मारुतीचं काय झालं याचा अंदाज आपल्याला येतो, तरी जीव अडकलेला राहतो तो हिंदुराव आणि मास्तर यांच्यात. निळूभाऊंचा हिंदुराव त्या दारुड्या म्हाताऱ्या मास्तरला घरात घेतो, खाऊपिऊ घालतो, आणि त्याच्याच तोंडून तो प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकतो. सत्ता असलेला माणूस एका फाटक्या माणसापुढे किती वेळ टिकेल, याची आपण वाट बघतो. म्हणून माझ्या लेखी तो राजकीय चित्रपट. रहस्य ही पटकथाकार तेंडुलकरांनी आपल्याला आत घ्यायला उघडलेली वाट. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी पुढे १९७७ मध्ये 'जैत रे जैत' आणि १९७९ मध्ये 'सिंहासन' केला. तीन चित्रपट, तिन्हींची जात वेगळी. एकात ठाकर आदिवासींची गाणी आणि मधमाश्यांचा डोंगर, दुसऱ्यात मंत्रालय. तेव्हा दिग्दर्शकाच्या नावावरूनही कप्पा ठरवता येत नाही.

आता प्रभातचा 'संत तुकाराम' घे, १९३६ चा. याला सगळे डोळे मिटून संतपट म्हणतात. त्यात चमत्कार आहेत, अभंग आहेत, शेवटी विमानही येतं. पण मी दर वेळी बघत बसतो ती जिजाईला. नवरा देवाच्या नादी लागलेला, घरात दाणा नाही, दारात म्हैस, आणि पोर आजारी पडल्यावर ती विठ्ठलावर इतकी भडकते की चप्पल हातात घेऊन देवळात शिरते. पागनीसांचा तुकाराम शांत आहे, कारण त्याला उत्तर मिळालेलं आहे. तिला मिळालेलं नाही. आज पोरांच्या पानात काय पडणार याची ती वाट बघते आणि तिच्यासोबत आपणही. दामले-फत्तेलालांनी भक्तीचा चित्रपट बनवला, पण त्याच्या आत एक पक्का संसाराचा चित्रपट ठेवला. मला तर वाटतं, त्या संसारामुळेच त्यातली भक्ती खरी वाटते. जिजाईला काढून टाकलं तर नुसतं कॅलेंडरवरचं चित्र उरेल.

तुझ्या पुस्तकांमधले कप्पे बाहेरून आलेले आहेत. ते शिकून घे, त्यांचा उपयोग आहे. पण तू जत्रेत दशावतार पाहत मोठी झालीस, ते विसरू नकोस. पालखीची प्रदक्षिणा झाली की मध्यरात्रीच्या सुमारास गणपती येतो, मग काळ्या वेशातला संकासुर येऊन मालवणीत सगळ्यांची टर उडवतो आणि मांडीवर पेंगणारी पोरं खडबडून जागी होतात. त्यानंतर आख्यान लागतं. लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी सुचतात, आणि पेटी, पखवाज, झांज त्यांना धरून चालतात. राजा बायकोला वनात पाठवतो तेव्हा बायका पदराने डोळे पुसतात. थोड्या वेळाने त्याच रंगमंचावर तलवारी खणखणतात. उजाडेपर्यंत हसू, रडू, भीती आणि देवधर्म सगळं होऊन जातं, आणि हे नक्की कुठल्या प्रकारात बसतं असं कोणी विचारत नाही. कारण कुठल्या क्षणी कशाची वाट बघायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

'शोले'ला परदेशी लोक वेस्टर्न म्हणतात. घोडे, डाकू, ओसाड माळ, सूड, म्हणून ते बरोबरही आहे. पण त्यात तो जेलर येतो, होळी येते, बसंतीची बडबड येते. आणि रात्री वरच्या सज्जात ठाकूरची विधवा सून एकेक दिवा मालवत असते, खाली जय माउथऑर्गन वाजवत असतो. दोघं एक अक्षर बोलत नाहीत. हा प्रसंग कुठल्या कप्प्यात टाकशील? माझ्या मते १९७५ चा तो चित्रपट दशावताराच्या रात्रीसारखा बांधलेला आहे, आणि म्हणून तो आपल्याकडे इतका मुरला.

तमाशापटाची गोष्टही अशीच. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला, आणि त्यानंतर तमाशापटांची लाटच आली. १९७२ मध्ये शांतारामबापूंनी 'पिंजरा' काढला तेव्हा लोक लावणी बघायलाच गेले. लावणी मिळालीही. पण मूळ गोष्ट 'द ब्लू एंजल' या १९३० च्या जर्मन चित्रपटावरून घेतलेली. अखेरीस गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली कोर्टात उभे राहतात आणि आपली प्रतिमा शाबूत राहावी म्हणून गप्प बसतात. ढोलकीच्या नावावर तिकीट काढलेल्या माणसाला बापूंनी हे दाखवलं. याचं मला अतिशय कौतुक आहे.

आजीचे प्रकार दोनच होते. टीव्हीवर चित्रपट लागायच्या आधी ती विचारायची, "रडूचो असा काय?" 'श्यामची आई' तिच्या लेखी त्यातला पहिला. १९५३ चा अत्र्यांचा चित्रपट, राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी. पालगड आपल्याच कोकणातलं, हे ती प्रत्येकाला सांगायची. कौटुंबिक, चरित्रात्मक, बोधपर, काहीही म्हण. आईचा चित्रपट हा आपल्याकडे स्वतंत्र प्रकार आहे असं मला मनापासून वाटतं, आणि तुमच्या प्राध्यापकांना तू हे जरूर विचार.

एक काम कर. १९४९ चा 'महल' तू अजून पाहिलेला नाहीस. एकटीने, दिवे बंद करून बघ. त्याला भुताचा चित्रपट म्हणतात. देवचाराच्या गोष्टी ऐकत वाढलेली तू, तुला नक्की कशाची भीती वाटली आणि तू कशाची वाट बघत होतीस, ते मला लिहून पाठव. शेवट आधी कुठे वाचू नकोस.

आईने सोलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, शेजारचा सुशांत रविवारी येतोय त्याच्याकडे देतो.

तुझा,
बाबा