हवालदार काका, तुमची एलन की अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय हवालदार काकांस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "होय होय" म्हणत काजूच्या बागेकडे चालू लागता. हे दोनदा झालं, म्हणून आता लिहूनच टाकतो. उघड पत्र लिहायला आणखी एक कारण आहे. गेल्या महिन्यात कणकवलीहून एक मुलगा त्याची छऱ्याची बंदूक घेऊन माझ्याकडे आला. दुर्बीण लावल्यापासून नेम लागत नाही, म्हणाला. मी त्याला तासभर समजावलं आणि नंतर लक्षात आलं की त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं आणि माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या माणसालाही वाटलं, आपणही कागदावर नेम धरून बघावा. स्प्रिंगची, साडेचार मिलिमीटर छऱ्याची बंदूक आणली. सोबत एक स्वस्तातली दुर्बीण मागवली, ३-९x४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग चाळीस मिलिमीटरचं), "शिकारीच्या रायफलीसाठी" असं खोक्यावर छापलेली. शिकारीसाठी आहे म्हणजे भक्कमच असणार, हा माझा हिशेब. तुम्ही पहिल्यांदा ती बघितलीत तेव्हा एवढंच विचारलंत, "त्याच्या रायफलीर दुर्बीण दिसली तुका?" खरंच की! ऑलिंपिकच्या रायफलीवर दुर्बीण चालतच नाही, बारीक भोकातून बघायचं असतं. ते मी टीव्हीवर बघूनही बघितलं नव्हतं.

तुम्ही येण्याआधीचे दोन महिने आठवले तरी लाज वाटते. सकाळी नेम मधोमध, दुपारी चार बोटं वर, दुसऱ्या दिवशी डावीकडे. मी नॉब फिरवत राहिलो. छऱ्यांचे दोन डबे संपले. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, बंदुकीची नळीच वाकडी असेल. मी जवळपास विकायलाच काढली होती.

तुम्ही ठप्प-ठप्प आवाज ऐकून माडांच्या आगरातून आलात. आधी बंदुकीला हातही लावला नाहीत. लक्ष्याच्या मागे काय आहे ते बघितलंत. मागे आमची चिऱ्याची भिंत होती. त्या दिवशी पुढे एकही छर्रा उडवू दिला नाहीत, कारण चिऱ्यावर आपटलेला छर्रा कुठल्या दिशेनं परत येईल ते सांगता येत नाही. लाकडी पेटीत जुन्या गोधड्या ठासून भरल्या, मागे वाळूची पोती लावली, मगच पुढचं बोलणं. मला तेव्हा हे फार वाटलं होतं. आता नाही वाटत.

मग तुम्ही चष्मा कपाळावर सारून बंदुकीच्या वरची, दुर्बीण बसते ती खाच बघितलीत आणि नखानं एक जागा दाखवलीत. काळ्या रंगावर चकाकता ओरखडा. "बंदूक वायट नाय रे. दुर्बीण मागे चलता." स्प्रिंगची बंदूक दोन धक्के देते हे मला तेव्हा कळलं. घोडा ओढला की आधी ती मागे सरकते, आणि लगेच आतला दट्ट्या पुढे जाऊन आपटतो तेव्हा पुढे हिसका बसतो. बंदूक पुढे जाते, दुर्बीण आपल्या वजनानं जागीच राहू बघते, म्हणजे बंदुकीच्या मानानं मागे घसरते. दारूच्या रायफलीचा मोठा धक्का एकाच दिशेचा असतो, आणि तिच्यासाठीच्या अनेक दुर्बिणी तेवढाच सोसायला केलेल्या असतात. माझी कानाशी धरून तुम्ही हलवलीत तर आत काहीतरी खुळखुळत होतं. आतली, नेम धरायची फुलीच ढिली झाली होती. मोठ्या रायफलीची दुर्बीण छऱ्याच्या बंदुकीनं मोडली, हे माझ्या डोक्यात बसायला आठवडा लागला.

आणि ती मोडली नसती तरी उपयोगाची नव्हतीच. बंदूक पोत्यांवर ठेवून, तिला हात न लावता, डोकं थोडं इकडेतिकडे करून बघायला सांगितलंत तुम्ही. फुली अख्ख्या काळ्या गोलावर फिरली. शिकारीच्या बहुतेक दुर्बिणी शंभर यार्डांच्या आसपास जुळवून दिलेल्या असतात. आपण आगरात दहा-पंधरा मीटरवर मारतो. एवढ्या जवळ चित्र धूसर, आणि डोळा जरा हलला की नेमही हलला. दुसरी दुर्बीण घेताना तुम्ही दोनच गोष्टी बघायला सांगितल्यात. स्प्रिंगच्या बंदुकीसाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि पुढच्या भिंगाचं कडं फिरवून अंतर दहा मीटरपर्यंत खाली आणता यायला हवं. मी पन्नास मिलिमीटरच्या भिंगावर अडून बसलो होतो. "मग रिंगा उंच लागतत, गाल टेकूचो खंय?" रिंगा म्हणजे दुर्बीण बंदुकीवर धरून ठेवणारी कडी. एवढ्या एका प्रश्नात तुम्ही तो विषय मिटवलात.

नवी दुर्बीण बसवण्याचा दिवस मला अजून आठवतो. अर्ध्या तासाचं काम समजून मी सकाळीच स्क्रू आवळायला बसलो होतो. "घाई कित्याक? सांजपर्यंत वेळ आसा." आधी खाच आणि रिंगांचे तळ स्पिरिटनं पुसून कोरडे केलेत, कारण तेलकट पृष्ठभागावर पकड बसत नाही. मग रिंगेखालची ती बारीक खुंटी बंदुकीवरच्या भोकात बसवलीत. खुंटी नसेल तर दुर्बीण मागे जाणारच, कितीही आवळा. त्यानंतर डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. कडेला काळी सावली दिसली की दुर्बीण थोडी मागेपुढे. हे दुर्बिणीचं झूम पूर्ण वाढवून, आठ-दहा वेळा केलं. मान आपोआप जिथे जाते तिथे दुर्बीण यायला हवी, मान तिच्याकडे जायला नको.

फुली सरळ आहे की नाही ते डोळ्याला कळत नाही, म्हणून तुम्ही आमच्या गवंड्याचा ओळंबा मागवून घेतलात. तो आंब्याच्या फांदीला टांगून उभी रेघ दोरीशी जुळवलीत. गवंडी बाजूला उभा राहून हसत होता, तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत. मग चार स्क्रू, चाकाचे नट आवळतात तसे, समोरासमोरचे, एकेक अष्टमांश फेरा. दोन्ही बाजूंची फट सारखी. एलन कीचा (स्क्रू फिरवायच्या त्या षटकोनी, काटकोनात वाकवलेल्या चावीचा) आखूड भाग दोन बोटांत धरायचा, मूठ लावायची नाही, नाहीतर दुर्बिणीची नळी चेपते. मी मूठ लावलीच होती. तुम्ही की काढून घेतलीत.

शेवटी चौकोन. पंचवीस मीटरवर पाच छरे, मग दुर्बिणीच्या नॉबच्या वीस टिकटिक उजवीकडे, पाच छरे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली. पाचवा पुंजका पहिल्यावर येऊन पडला तर दुर्बीण आपला शब्द पाळते. पाव मिनिटाच्या (हे मिनिट कोनाच्या मापातलं) एका टिकटिकीला एवढ्या अंतरावर छर्रा जेमतेम १.८ मिलिमीटर सरकतो, हेही तेव्हाच कागदावर पट्टीनं मोजलं. आणि बंदूक आवळून धरायची नाही, पुढचा हात नुसता खाली ठेवायचा, उडी मारायची तर मारू दे तिला. माझा पुंजका त्याच संध्याकाळी एका रुपयाच्या नाण्यात आला.

मधेच वरच्या वाडीतले एक जण येऊन म्हणाले, आता वांदरांवर धरा, नारळ तरी वाचतील. त्यांचं नुकसान खरं आहे, मी नाकारत नाही. तुम्ही त्यांना १९७२ चा वन्यजीव कायदा शांतपणे सांगितलात, आणि असल्या छऱ्यानं जनावर मरत नाही, आठ दिवस सडतं, हेही. ते गेले. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत.

पावसाळा मात्र मी तुमच्याशिवाय हरलो असतो. आपल्याकडे जूनमध्ये कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते, तिथे भिंगाचं काय? कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे एकदा आत पसरले की काचेवरचा लेपच खातात, मग पुसून काही होत नाही. कापडी पिशवी काढून टाकायला लावलीत, ती ओल धरते. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल. रंग बदलला की मंद आचेवर तापवून परत. निळ्या दाण्यांसाठी वेगळं जुनं भांडं ठेवा, त्यात कोबाल्ट असतं, हे तुम्ही माझ्या बायकोला सांगितलंत आणि तेव्हापासून घरात तुमचा शब्द माझ्यापेक्षा मोठा आहे. तांदळात ठेवायची आयडिया माझी होती. तांदळाचा भुगा झाकणाच्या आट्यांत अजून सापडतो.

किनाऱ्यावरून परत आल्यावर मी एकदा पंच्यानं काच पुसायला घेतली होती. "मीठ घासतंस काचेर?" हातातून पंचा ओढलात. आधी फुंकणी, मग मऊ ब्रश, मगच भिंगाचा कपडा, आणि द्रवाचा थेंब कपड्यावर, काचेवर नाही. स्क्रूंच्या डोक्यांना तेलाचं बोट, भिंगाजवळ तेल नाही. आत नायट्रोजन भरलेला असतो, म्हणून काहीही झालं तरी नळी उघडायची नाही. एवढं मी आता झोपेतही सांगेन.

पैसे विचारले तेव्हा तुम्ही फौजेतल्या आर्मररच्या, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याच्या, खोलीची गोष्ट सुरू केलीत आणि विषय गेला. मग मी पाठवलेल्या हापूसच्या पेटीच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून ओल्या काजूगरांचा डबा आला. हिशेब कधीच फिटू द्यायचा नाही असं ठरवलंच असेल तर माझा इलाज नाही.

एलन की छऱ्यांच्या डब्यात ठेवली आहे. कणकवलीच्या मुलाला एक दिवस वापरायला दिली होती, रागावू नका. चवथीला येईन तेव्हा आणतो.

आपला,
आगरापलीकडचा शेजारी