"तुमच्यात गौरी बसवतात का?"

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅलिफोर्नियात जातीभेदावर बंदी घालण्यासाठी आलेल्या विधेयकावर तुमच्याकडे आलेली पत्रं वाचली, बहुतेकांचं म्हणणं एकच, अमेरिकेत जात आहेच कुठे, उगाच आपल्याला बदनाम करायचं. मी तिथे मुलीकडे सहा महिने राहून आलेय म्हणून लिहितेय.

तिथल्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभे होतो, पुढच्या काकूंनी मुलीच्या मैत्रिणीला नाव विचारलं, मग आडनाव, मग मूळ गाव, आणि तरी अंदाज लागेना म्हणून "तुमच्यात गौरी बसवतात का?" पोरगी "नाही काकू" म्हणून हसली आणि गुपचूप भात वाढून घेऊ लागली. परत येताना गाडीत म्हणाली, ऑफिसात लंचलाही आपलेच लोक असं खोदून खोदून विचारतात. त्याच काकू नंतर सांगत होत्या की दुकानात गोरी बाई त्यांच्याशी कशी तुसडेपणाने वागली, सांगताना डोळ्यांत पाणी होतं. दुखलं होतं हो त्यांना, ते खोटं नव्हतं. पण मग त्या पोरीचं दुखणं का दिसू नये?

१९२३ मध्ये पंजाबातून तिथे गेलेले भगतसिंग थिंड अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात म्हणाले होते की मी उच्च जातीचा आर्य, म्हणजे गोराच, मला नागरिकत्व द्या. कोर्टाने साफ नाही म्हटलं, वर त्या निकालानंतर सरकारने आधी नागरिकत्व मिळालेल्या कित्येक भारतीयांचंही काढून घेतलं. आपल्या लोकांना दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो आला काळ्या लोकांनी लाठ्या खाऊन, अंगावर पोलिसांची कुत्री झेलून १९६४ चा नागरी हक्क कायदा मिळवला त्यानंतर. जोतिबांनी तर १८७३ मध्येच 'गुलामगिरी' अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं, इतकं जुनं नातं आहे हे.

सिअ‍ॅटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीभेदावर बंदी घातली, प्रस्ताव पुण्यात जन्मलेल्या, तेव्हा तिथल्या नगरसेविका असलेल्या क्षमा सावंत यांचा. कॅलिफोर्नियात दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेल्या विधेयकावर गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये व्हेटो वापरला, आधीचे कायदे पुरेसे आहेत म्हणून. प्रत्येक हिंदू मुलाकडे संशयाने बघतील ही भीती मला समजते, माझाही नातू तिथेच शाळेत जातो. पण विधेयकातल्या जातीच्या व्याख्येत 'हिंदू' हा शब्दच नव्हता, जन्माने मिळालेल्या दर्जावरून भेदभाव नको एवढंच होतं.

विरोधातली पत्रं तुम्ही भरपूर छापलीत. त्या मुलीसारख्यांचीही छापा, हवं तर नाव न देता, कारण नाव दिलं की लोक आधी आडनावच बघतात.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली