हेड वाकलंय, बंड्या!

प्रिय बंड्या,

उत्तर द्यायला फार उशीर झाला, शिव्या नंतर घाल. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू. हे घरात सांगितलं तर ‘विकून टाक ती गाडी’ एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून तुला लिहितोय.

गाडीच्या इंजिनाचं अॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलंय. इंजिन गार असताना, बोल्ट कडेकडून मध्ये, थोडे थोडे ढिले करत. तुझीच पद्धत, आता फुशारू नकोस. तळ साफ करून स्ट्रेट एज, म्हणजे अचूक सरळ पट्टी, लांबीत, रुंदीत, दोन्ही कर्णांवर धरली. टोकं टेकतात आणि मध्ये फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पात्यांतली, ०.२५ मिमीची पत्ती सरळ आत जाते. ०.०५ मिमी असतं तर हसून सोडलं असतं, ०.१० च्या पुढे मात्र खैर नाही.

वर्कशॉपवाला म्हणतो, “पाव मिलिमीटर फेसिंग मारतो, संध्याकाळी घेऊन जा.” म्हणजे तळ तेवढा कापून सपाट करणार. माझी झोप उडालीय ती यानेच. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कॅम, हेडातच फिरतो ना! तळ वाकला तशी वरची बेअरिंगांची रांगही वाकली. खालून कापून तळ सपाट होईल, रांग तशीच वाकडी राहणार. रॉकर (कॅम आणि व्हॉल्व्हमधले तरफे) काढल्यावर कॅम दोन बोटांनी फिरायला हवा, तो एका जागी अडतोय. तसाच चढवला तर मधलं बेअरिंग खाईल, नाहीतर कॅमच मोडेल. वर कॉम्प्रेशन वाढणार, व्हॉल्व्ह पिस्टनजवळ येणार आणि व्हॉल्व्ह उघडण्याचं टायमिंग किंचित मागे पडणार.

आधी प्रेशर टेस्ट: पाण्याच्या वाटा बंद करून हेड गरम पाण्यात बुडवायचं, आत हवा भरायची आणि बुडबुडे बघायचे. विशेषतः व्हॉल्व्ह टेकतात त्या दोन सीटांमधल्या पट्टीत. चीर निघाली तर पुढचा खर्च कशाला? मग हार्डनेस, म्हणजे धातूचा कडकपणा. तापून धातू मऊ पडला असेल तर बोल्टचे वॉशर रुततात आणि हेडाखालचं गॅस्केट टिकत नाही. दोन्हींत पास झालं तर जाड पोलादी प्लेटवर, टोकांखाली शिम (पातळ पत्रे) घालून, मधले बोल्ट आवळून भट्टीत २०० अंशांच्या वर काही तास ठेवायचं आणि भट्टीतच गार होऊ द्यायचं. त्यानंतर कॅम फिरवून बघायचा, आणि फेसिंग तळ साफ होण्यापुरतंच.

व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते त्या गाइडवरून पुन्हा भांडू नकोस. नर्लिंग, म्हणजे झिजलेल्या गाइडला आतून चरे पाडून भोक आवळणं, हा पडक्या भिंतीला चुना! नवीन गाइड आधी, सीट नंतर. सीट कटरला सरळ धरणारा दांडा, पायलट, गाइडमध्येच बसतो, गाइड झिजलेला असेल तर सीट तिरकीच कापली जाणार. आणि एक्झॉस्टची सीट रुंद ठेव म्हणतोस ते मान्य, व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता तिथूनच उतरते. पण पेस्ट घासघासून कडा धारदार झालेला व्हॉल्व्ह परत बसवायचा हट्ट सोड, तो जळणारच.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीचा निकाल लागला का? नवीन घराचं ऐकलं, अभिनंदन, सविस्तर बोलू.

तुझ्या माळ्यावरचं ते दुसरं हेड अजून आहे का? असेल तर त्यात कॅम टाकून फिरवून बघ आणि लगेच कळव. तोवर त्या वर्कशॉपवाल्याला मी हात लावू देत नाही.

तुझाच,
नाना