फिशबोर्नचा चर खणणाऱ्या भाऊंस

भाऊ,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

१९६० साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, चिचेस्टरलगतच्या फिशबोर्नमध्ये तुम्ही पाण्याच्या मुख्य पाइपलाइनचा चर खणत होता. खणायच्या यंत्राच्या बकेटला जुन्या दगड-कौलांचा खच लागला आणि ती खबर अभ्यासकांपर्यंत गेली. पुढच्याच वर्षी बॅरी कन्लिफ या एकवीस वर्षांच्या तरुणाने उत्खनन हाती घेतलं. मधे बाग आणि चारी बाजूंनी दालनं असा हा रोमन प्रासाद. एकेक बाजू सुमारे १५० मीटर, बांधकाम इ.स. ७५च्या आसपासचं.

लोक तिथली मोझेक, म्हणजे रंगीत खडे जडवून नक्षी काढलेल्या फरशा, बघायला जातात. आम्हाला मात्र तिथली बाग जास्त मोलाची वाटते. मूळ जमीन चिकणमाती आणि खड्यांची. तिच्यात कुंपणाची झुडपं नीट धरेनात, म्हणून रोमन माळ्यांनी चर काढून त्यांत कसदार माती भरली. आज ते चर म्हणजे फक्त मातीतले गडद पट्टे. थापीने पृष्ठभाग हलक्या हाताने खरवडायचा आणि माती ओलसर असतानाच नकाशा काढायचा. वाळली की रंगातला फरक पुसट होतो. यंत्राने जरा खोल खरवडलं असतं तर बागच गेली असती. आज त्याच रेषांवर पुन्हा बॉक्स नावाची सदाहरित झुडपं लावली आहेत.

भिंतींचं दुखणं वेगळं. २७०च्या सुमारास आग लागली. छपराचं शिसं वितळून फरशांवर सांडलं. नंतर लोकांनी भिंतींचे दगड उचलून नेले. (आपल्याकडे पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती गाड्या भरून शेतात गेली, तसंच.) उरला पायाचा चर, चुन्याच्या भुग्याने भरलेला. घाईत तो भुगा राडारोडा समजून उपसला की भिंतीचा माग संपला.

डॉल्फिनवर बसलेल्या क्यूपिडचं, म्हणजे रोमन प्रेमदेवतेचं, मोझेक खचू लागलं, कारण खाली बुजवलेले जुने खड्डे होते आणि सैल भराव दबत जातो. असं मोझेक उचलायचं तर आधी ते धुऊन पूर्ण वाळवायचं, मग पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने वर कापड चिकटवायचं. ओल राहिली तर कापड सुटतं आणि खडे विखुरतात. मग तुकड्यातुकड्यांनी खालून सोडवायचं, उलटं करून पाठीचा जुना चुना काढायचा आणि नव्या थरावर बसवायचं. १९८०च्या सुमारास क्यूपिड उचलला, तेव्हा खाली आणखी जुनं काळं-पांढरं मोझेक निघालं!

दक्षिणेकडची बाजू बहुतेक रस्त्याखाली आणि घरांखाली आहे. तिथेही कधी पाइप टाकायची वेळ येईलच. चरावर तुमच्यासारखंच कुणी असावं, एवढीच इच्छा.

कळावे, लोभ असावा.
आपले ऋणी,
उत्खननाच्या कामातले काही जण