पर्वतीच्या पायथ्याशी एक स्मरणजागा: पुणेकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

१३ ऑक्टोबर २०२९ रोजी पर्वती सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतील. पर्वतीवरचं मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनाही खुलं व्हावं, म्हणून १९२९ साली त्या दिवशी सत्याग्रही टेकडीच्या पायऱ्या चढले. पुढाकार शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांचा होता. एस. एम. जोशींसारखे सवर्ण घरांतले तरुणही त्यांच्यासोबत होते. मंदिराची दारं बंद होती, आणि विरोधासाठी जमलेल्या लोकांनी सत्याग्रहींवर दगड फेकले. राजभोज जखमी झाले.

पाचेक महिन्यांनी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो सगळ्यांना माहीत आहे. पर्वतीचा सत्याग्रह मात्र रोज पहाटे त्याच पायऱ्या चढणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नाही. पायथ्याशी असलेल्या आमच्या वाचनालयाच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. तिथून टेकडी समोर दिसते. शताब्दीच्या आत तिथे एक छोटी स्मरणजागा उभी करायची आहे, आणि त्यासाठी आपली मदत हवी आहे.

पुतळा उभारायचा नाही, यावर आमचं एकमत आहे. पुतळ्याला हार घालून आपण घरी येतो आणि दगड फेकणारे हात विसरले जातात. आम्हाला त्या हातांबद्दलही बोलायचं आहे. ती माणसं कुणी राक्षस नव्हती. त्यांतला कुणी दुकान चालवत असेल, कुणी शाळेत शिकवत असेल, कुणी संध्याकाळी मुलांना शुभंकरोती म्हणायला बसवत असेल. अशा माणसाला दुसऱ्याच्या देवदर्शनाचा एवढा राग का यावा? हा प्रश्न मुलांच्या मनात उभा राहायचा असेल, तर जागाही तशीच घडवावी लागते.

जगात हे काम अनेकांनी मनापासून केलं आहे. बर्लिनमध्ये ज्यूंच्या संहाराच्या स्मारकात काँक्रीटचे २,७११ ठोकळे आहेत. वास्तुकार पीटर आयझेनमन यांनी त्यांवर एकही नाव कोरलेलं नाही. जमीन उंचसखल आहे. आत शिरावं तसे ठोकळे डोक्याच्या वर जातात आणि सोबतचा माणूस दिसेनासा होतो. तरीही त्याच ठोकळ्यांवर बसून लोक डबा खातात, फोटो काढून घेतात. म्हणूनच त्या स्मारकाखालचं माहिती केंद्र आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. मारल्या गेलेल्या कुटुंबांची नावं, पत्रं, हकिगती तिथे आहेत. स्मारकाला अशी माहितीची जोड हवीच, असं जर्मन संसदेने १९९९ साली ठरवलं. नुसतं अंगावर काटा येऊन भागत नाही, आणि नुसत्या माहितीचे फलक कुणी वाचत नाही. दोन्ही एकाच जागी हवं.

अमेरिकेत माँटगोमेरीला २०१८ साली खुलं झालेलं स्मारक तर आमच्या मनात घर करून बसलं आहे. वंशद्वेषाने जमावांनी ठार मारलेल्या काळ्या माणसांची नावं तिथे आठशेहून अधिक पोलादी खांबांवर कोरली आहेत. सुरुवातीला खांब डोळ्यांच्या उंचीवर असतात, नावं सहज वाचता येतात. मग पायांखालची जमीन हळूहळू उतरत जाते, आणि तेच खांब डोक्यावर लटकू लागतात. गाईडने काही सांगावं लागत नाही.

आपल्याकडेही शिकण्यासारखं आहे. गंज पेठेत फुले वाड्यात जाऊन हौदापाशी उभं राहा. १८६८ साली जोतिरावांनी तो सर्वांसाठी खुला केला. ती जागा जे सांगते ते पुस्तकातल्या पानाने सांगून होत नाही. जालियनवाला बागेत मात्र २०२१ च्या नूतनीकरणात अरुंद बोळाच्या भिंतींवर शिल्पं बसवली गेली. त्या बोळाच्या ओकेबोकेपणातच त्याची दहशत होती, असं आम्हाला वाटतं. आपल्या जागेत सजावट करण्याचा मोह टाळायचा, हा धडा आम्ही त्यातून घेतला.

आराखडा साधा आहे. घडीव काळ्या पाषाणाच्या दोन भिंतींमधून वाट जाईल. सुरुवातीला तिघं सहज शेजारी चालू शकतील. पुढे ती चिंचोळी होत जाईल, इतकी की एकेकट्यानेच जावं लागेल. शेवटी सागवानी दार, बंद. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट, आणि फटीतून दिसणारी पर्वती. दार उघडणार नाही. मागे फिरावं लागेल, आणि परतताना भिंतींवर कोरलेला मजकूर समोर येईल. जाताना तो दिसू नये अशा कोनात दगड बसवायचे आहेत. हा मजकूर मंदिरप्रवेशाला विरोध करणाऱ्यांच्या युक्तिवादांचा असेल: रूढी, शुद्धता, ‘अजून वेळ आलेली नाही’. परतून बाहेर आलं की एक खोली. शाळेचा एक वर्ग बसेल एवढी. तिथे कागदपत्रं, सत्याग्रहींची माहिती आणि बोलायला मोकळा वेळ.

‘जुन्या जखमा कशाला उकरता?’ असं आम्हाला आदरणीय असलेल्या काही ज्येष्ठांनीही विचारलं. उत्तर मनापासून देतो. आजच्या कुणा जातीकडे बोट दाखवायचं नाही; दगड खाणाऱ्यांमध्ये सवर्णही होते. पण भाड्याचं घर बघायला गेल्यावर आडनाव ऐकून बदलणारा सूर या शहरात अजून ऐकू येतो. मुलांच्या फोनवर येणाऱ्या मजकुरात कधी जात असते, कधी धर्म असतो, आणि सूर शंभर वर्षांपूर्वीचाच असतो. तो त्यांना ओळखता यावा, एवढंच आम्ही मागतो आहोत.

सर्वांत आधी हवे आहेत कागद. आपल्या घरी १९२९-३० मधली पत्रं, फोटो, पत्रकं, डायऱ्या असतील तर दाखवा. आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करून मूळ प्रत लगेच परत देऊ. विरोध करणाऱ्यांच्या घरांतले कागदही तितकेच मोलाचे आहेत. ते आणून देणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीशिवाय कुठेही येणार नाही. आजी-आजोबांकडून काही ऐकलं असेल तर आमचे कार्यकर्ते घरी येऊन रेकॉर्ड करतील. जुनी वर्तमानपत्रं वाचू शकणारे, मोडी जाणणारे स्वयंसेवक हवेत. दगडकामातले जाणकार कारागीर हवेत, आणि त्यांना पूर्ण मजुरी मिळेल. हे काम आम्ही कुणाकडून फुकट करून घेणार नाही. शिक्षकांनी खोलीतले पाठ आमच्यासोबत बसून तयार करावेत.

आणि अर्थातच पैसे. दगड, सागवान, छप्पर, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, सगळ्यालाच लागतील. पन्नास रुपयांपासून कितीही द्या, पावती मिळेल. जमाखर्च दर महिन्याला वाचनालयाच्या फळ्यावर लागेल आणि कुणालाही वह्या तपासता येतील. देणगीदारांच्या नावांची पाटी मात्र लावणार नाही, रक्कम कितीही मोठी असो. त्या भिंतींवर कुणाचंच नाव नको.

रविवारी सकाळी वाचनालय उघडं असतं. पुठ्ठ्याचा नमुना टेबलावर मांडलेला आहे. या, बघा, चुका काढा. वाट कुठे जास्त अरुंद वाटते, मुलांना कुठे भीती वाटेल, हे आई-वडिलांनी येऊन सांगितलं तर दगड घडवायला देण्याआधी बदल करता येतील.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ, पर्वती पायथा, पुणे